आरोपीच्या जागी आपण

२००६ च्या नोव्हेंबरात नोएडाच्या सेक्टर १५-अ मधून एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतातील प्रमुखांच्या तीन वर्षांच्या मुलाला पळवून नेण्यात आले. वृत्तवाहिन्यांवर दिवसरात्र दुसरा विषय नव्हता. पोलिसांनी सगळे बळ लावले आणि काही दिवसांतच मूल सुखरूप घरी आले. तिथून काही किलोमीटरवर, सेक्टर ३१ ला चिकटलेल्या निठारी गावातून, त्याआधीचे वर्ष-दीड वर्ष मुले नाहीशी होत होती. त्यांचे आईबाप बंगाल, बिहार, पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले. कोणी कपडे इस्त्री करणारे, कोणी रिक्षा ओढणारे, कोणी बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या. ते चौकीवर जात, तेव्हा मुलगी कोणाबरोबर पळून गेली असेल असे सांगून त्यांना वाटेला लावले जाई. डिसेंबरच्या अखेरीस एका बंगल्यामागच्या नाल्यातून हाडे आणि कवट्या निघाल्या, तेव्हा निठारी देशाला माहीत झाली. पुढे तपास इतका ढिसाळ ठरला की अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये तो निकाल कायम ठेवला. इतकी मुले मेली, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांना मारणारा कोणीच नाही.

शहर तेच, पोलिस तेच, वर्षही तेच. पोलिसांना मूल हरवणे हा गंभीर गुन्हा वाटत नव्हता असे म्हणता येणार नाही. एका मुलासाठी त्यांनी आकाशपाताळ एक केलेच होते. मग फरक कशात पडला? ‘गरिबाला कोणी वाली नसतो’ हे उत्तर खरे आहे, पण त्यावर थांबले की पुढचा विचार खुंटतो. कारण गुन्ह्यांची गंभीरता माणसे कशी ठरवतात, याचा ज्यांनी पद्धतशीर अभ्यास केला त्यांना सापडले ते जवळजवळ उलटे आहे.

थॉर्स्टन सेलिन आणि मार्विन वुल्फगँग या अमेरिकी अभ्यासकांनी न्यायाधीश, पोलिस आणि विद्यापीठातले विद्यार्थी यांच्यापुढे गुन्ह्यांची वर्णने ठेवून त्यांना गुण द्यायला सांगितले. १९६४ साली त्यांचे पुस्तक आले, आणि त्यातला निष्कर्ष असा की या तिघांची उतरंड बरीचशी सारखीच लागते. दहा वर्षांनी पीटर रॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर शहरात १४० गुन्ह्यांची यादी सामान्य नागरिकांपुढे ठेवली. गोरे-काळे, शिकलेले-न शिकलेले, बायका-पुरुष यांच्यात त्यांनाही विलक्षण एकमत दिसले. १९७६ मध्ये ग्रॅम न्यूमन यांनी भारतासह सहा देशांत हाच प्रयोग केला. समलिंगी संबंध, गर्भपात अशा बाबतींत मते फाटली; दरोडा, लूट असल्या जुन्या गुन्ह्यांबाबत मात्र फारशी फाटली नाहीत. म्हणजे कागदावर विचारले तर खून चोरीहून भारी आणि चोरी शिवीगाळीहून भारी, हे सगळ्यांनाच मान्य आहे.

कागदावरच्या प्रश्नात माणसे नसतात, ही त्यातली गोम. ‘एकाने दुसऱ्याला घरात घुसून लुटले’ एवढेच वाक्य असते. त्यातला ‘एक’ कोण आणि ‘दुसरा’ कोण, हे वाचणारा आपल्या मनाने भरतो, आणि अशा वाक्यात बहुतेक सगळेच स्वतःला लुटल्या गेलेल्याच्या जागी ठेवतात. म्हणून एकमत होते. प्रत्यक्षात दोन्ही जागा आधीच भरलेल्या असतात. बळीच्या जागी आपण बसू शकतो का, आणि आरोपीच्या जागी बसू शकतो का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर गुन्ह्याचे वजन ठरते असे माझे म्हणणे आहे. बळीच्या जागी आपले मूल दिसले की गुन्हा जड होतो. आरोपीच्या जागी आपण स्वतः, आपला मुलगा किंवा आपला शेजारी दिसू लागला की तोच गुन्हा चूक होतो, अपघात होतो, गैरसमज होतो. ‘आपला तो बाब्या आणि लोकाचं ते कार्टं’ या म्हणीने यातली अर्धी गोष्ट केव्हाच सांगून ठेवली आहे. मार खाल्लेले पोर कोणाचे, हे मात्र म्हण विचारत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे दिल्लीचे दुखणे म्हणून बाजूला सारू नये. निठारीच्याच वर्षी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. ती मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचायला काही आठवडे लागले, आणि तेही दलित कार्यकर्ते रस्त्यावर उतरल्यानंतर. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये फाशी दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू मानला नाही. हत्याकांड सूडातून घडले असे धरले. दहा वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका मराठा मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला; आरोपी दलित होते. त्यातून लाखोंचे मूक मोर्चे निघाले आणि त्याच मोर्चांतून ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी पुढे आली. दोन्ही गुन्हे भयानक होते. पण ज्यांना एका ठिकाणी आपल्याच घरातली मुलगी दिसली, त्यांतल्या बहुतेकांना दुसऱ्या ठिकाणी ती दिसली नव्हती.

तरी दिल्लीकडेच वळतो, कारण राजधानीच्या परिसरात या दोन जागा एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की मधे फक्त एक भिंत आणि गार्डची केबिन असते. १२ जुलै २०१७ रोजी नोएडाच्या सेक्टर ७८ मधल्या महागुन मॉडर्न सोसायटीत ती भिंत ओलांडली गेली. पश्चिम बंगालच्या कूचबिहारहून आलेली एक घरकामगार बाई आदल्या रात्री घरी परतली नव्हती. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे तिने सतरा हजार रुपये चोरले आणि विचारल्यावर ती पळून आवारातच लपली. तिच्या घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिला मारहाण करून डांबून ठेवले होते. सकाळी शेजारच्या झोपडवस्तीतून जमाव आत घुसला, दगडफेक झाली, काचा फुटल्या. पुढे तेरा जणांना अटक झाली, तीही खुनाच्या प्रयत्नासारख्या कलमांखाली. ते सगळे वस्तीतलेच होते. सोसायटीने वस्तीतल्या कामवाल्यांना गेटवर बंदी केली, बाहेरच्या टपऱ्या काही दिवसांत हटवल्या गेल्या, आणि स्थानिक खासदार व तेव्हाचे केंद्रीय मंत्री महेश शर्मा यांनी रहिवाशांची बाजू घेतली. कागदोपत्री बंगालच्या असलेल्या या लोकांना ‘बांगलादेशी’ ठरवायला तर एक दिवसही लागला नाही.

त्या रात्री नेमके काय झाले ते मला ठरवायचे नाही. लक्षात राहते ते असे की दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या भीतीतून बोलत होत्या. बाराव्या मजल्यावरच्या आईला, लेकरे झोपलेली असताना खाली दगड घेतलेला जमाव दिसणे ही आयुष्यभराची दहशत आहे. वस्तीतल्या नवऱ्याला, बायको कामाला गेली आणि रात्र उलटली तरी आली नाही, ही तेवढीच मोठी दहशत आहे. सोसायटीला दंगल दिसली, चोरी दिसली. डांबणे दिसलेच नाही, फार तर ‘जरा चौकशी केली असेल’ इतपत दिसले. वस्तीला डांबणे दिसले. फुटलेल्या काचा हा तिच्या लेखी राग होता.

मग कायद्याची उतरंड कोणत्या खिडकीतून बघून रचली आहे? भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्या ३८१ व्या कलमाप्रमाणे नोकराने मालकाची चोरी केली तर सात वर्षांपर्यंत कैद. साध्या चोरीला तीनच वर्षे. नोकराने केली तर दुपटीहून जास्त, कारण त्यात विश्वासघात आहे. विचार समजण्यासारखा आहे. पण त्याच संहितेत माणसाला थोड्या काळासाठी बेकायदा अडकवून ठेवण्याची सजा फार तर एक वर्ष होती, आणि ३७४ व्या कलमाखाली एखाद्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध सक्तीने काम करून घेण्याचीही कमाल सजा एकच वर्ष. मालकाने टाकलेल्या विश्वासाला सात वर्षे, नोकराच्या देहाला आणि श्रमाला एक. संहितेचा मसुदा करणारे मेकॉले आणि त्यांच्यानंतरचे साहेब घरात डझनभर नोकर बाळगणारे होते. चांदीचे चमचे मोजत झोपणाऱ्याला ही उतरंड स्वाभाविकच वाटणार. आश्चर्य पुढचे आहे. वसाहतीची छाया पुसायची म्हणून १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि तिच्यातही नोकराच्या चोरीला सात वर्षे व सक्तीच्या कामाला एक वर्ष हे आकडे जसेच्या तसे आहेत. कलमांचे क्रमांक तेवढे बदलले. साहेब गेला, पण बंगल्यात राहायला आलेल्यांनाही चमच्यांचीच काळजी होती.

याच्या नेमका उलट प्रसंग नव्या संहितेनेच घडवला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची कमाल सजा जुन्या ३०४-अ कलमात दोन वर्षे होती. नव्या १०६ व्या कलमाने ती पाच केली आणि अपघात करून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांची तरतूद ठेवली. मोटारीत आणि पदपथावर असणाऱ्या मध्यमवर्गाला हे रास्तच वाटले. पण जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी देशभरातल्या ट्रकचालकांनी चाके थांबवली. महाराष्ट्रातही पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, हे अनेकांना आठवत असेल. चालकांचे म्हणणे साधे होते. अपघाताच्या जागी थांबले तर गर्दी जिवंत सोडत नाही. पळून जाणे हा त्यांच्या दृष्टीने गुन्हा लपवण्याचा नव्हे, जीव वाचवण्याचा मार्ग असतो. सरकारने ते पोटकलम बाजूला ठेवले आणि बाकीची संहिता अमलात आली तेव्हाही ते अमलात आणले नाही.

या ठिकाणी माझे आधीचे म्हणणे अपुरे पडते. आरोपीच्या जागी स्वतःला बघणे म्हणजे केवळ पक्षपात, असे आतापर्यंतच्या मजकुरातून वाटले असेल. ट्रकचालकांच्या बाबतीत ते ज्ञान होते. रात्री दोन वाजता हमरस्त्यावर मेलेल्या माणसाजवळ एकट्या चालकाने उभे राहणे म्हणजे काय, हे कायदा लिहिणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक असणार? आरोपीच्या जागी उभे राहिल्याशिवाय गुन्हा पुरता समजतच नाही. बिघाड आहे तो या समजुतीच्या वाटपात. ती संघटित चालकांना चाके थांबवून मिळवावी लागते, आणि काहींना न मागता मिळते.

कोणाला मिळते ते बघायचे तर दक्षिण दिल्लीतल्या ग्रीन पार्कला जावे. १३ जून १९९७ रोजी तिथल्या उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’ चालू असताना तळमजल्यावरच्या रोहित्रापासून आग लागली आणि बाल्कनीत अडकून ५९ माणसे गुदमरली. जादा खुर्च्या बसवताना बाहेर पडण्याचा रस्ताच अडवला गेला होता. हे निष्काळजीपणाचे कलम, म्हणजे जास्तीत जास्त दोन वर्षे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मालक असलेल्या अन्सल बंधूंना प्रत्येकी ३० कोटी रुपये भरायला सांगून, भोगली तेवढी कैद पुरे मानली. २०१७ च्या फेरविचारात धाकट्या भावाला उरलेली कैद भोगावी लागली, थोरल्याला वयामुळे सवलत मिळाली. ज्यांनी दोन्ही मुले गमावली ते नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती हे जोडपे मृतांच्या नातेवाइकांची संघटना उभारून दोन दशकांहून अधिक काळ लढत राहिले. ते झोपडवस्तीतले नव्हते, सुशिक्षित आणि चिवट होते, दिल्लीचा सगळा मध्यमवर्ग बळींच्या जागी स्वतःला बघू शकत होता, आणि तरीही गुन्ह्याचे वजन वाढले नाही. कारण जादा खुर्ची टाकणे, परवान्याचे नूतनीकरण लांबवणे, जिन्यात सामान ठेवणे हे आपण सगळेच करतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि २८,५२२ खून झाले. जवळजवळ सहापट माणसे मारणाऱ्या गोष्टीची आपल्याला खुनाइतकी भीती वाटत नाही, कारण तिच्या चाकामागे आपण रोज बसतो.

उलट जो आपल्या डोळ्यांना आपल्यासारखा दिसत नाही, त्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध होण्याचीही गरज उरत नाही. २८ सप्टेंबर २०१५ च्या रात्री दादरीजवळच्या बिसाहडा गावात गोमांसाच्या अफवेवरून एका मुसलमान गृहस्थाला घरात घुसून ठार मारण्यात आले. त्यानंतर मांसाचा नमुना तपासायला मथुरेच्या प्रयोगशाळेत गेला आणि ते कशाचे होते यावर देशात महिनोन् महिने वाद चालला, जणू उत्तर एका बाजूने आले तर खून हलका होणार होता. पुढच्या वर्षी त्या खटल्यातला एक आरोपी कोठडीत असताना मरण पावला, तेव्हा गावात त्याच्या शवपेटीवर तिरंगा घालण्यात आला. गावाच्या लेखी तो आपला पोरगा होता. हे एका गावाचे वेड म्हणून सोडून देता येत नाही. दिल्लीतल्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या लोकनीती विभागाने आणि कॉमन कॉज या संस्थेने २०१९ मध्ये २१ राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांची पाहणी प्रसिद्ध केली. गोहत्या करणाऱ्याला जमावाने शिक्षा देणे कमीअधिक प्रमाणात स्वाभाविक आहे असे ३५ टक्के पोलिसांना वाटत होते. बलात्काराच्या बाबतीत असे मानणारे ४३ टक्के होते. फिर्याद कोणती घ्यायची हे ज्यांच्या हातात, त्यांच्या मनातली ही उतरंड आहे.

न्यायालय तरी याच्या वर असेल? १९८० च्या बच्चनसिंग निकालाने फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ खटल्यापुरती राखली आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा, असे बजावले. आरोपीच्या जागी उभे राहण्याची जी सवलत काहींना आपोआप मिळते, ती सगळ्यांना सक्तीने देण्याचा तो प्रयत्न होता, असे मी मानतो. तीनच वर्षांत मच्छीसिंग निकालाने त्यात समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकाला बसलेला धक्का हे माप घुसवले. तेव्हापासून समाज म्हणजे कोण, हा प्रश्न लोंबकळतो आहे. ४ मे २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बिल्किस बानो खटल्यात जन्मठेपा कायम केल्या आणि तिघांना फाशी देण्याची सीबीआयची मागणी फेटाळली. २००२ च्या गुजरातमधले ते प्रकरण. सामूहिक बलात्कार आणि एका लहान मुलीसह अनेक नातेवाइकांची हत्या. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात चौघांची फाशी कायम केली. मला कोणालाच फाशी नको आहे, त्यामुळे मुंबईच्या निकालावर माझी तक्रार नाही. पण एका देशात लागोपाठच्या दोन दिवसांत लागलेल्या या दोन निकालांतून सामूहिक धक्का कोणाला बसतो आणि कशाने, एवढे दिसते. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणे फाशीची सजा झालेल्या कैद्यांपैकी ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. न्यायाधीशांच्या कल्पनेत ज्यांची जागा घेणे सर्वांत अवघड, तेच हे लोक.

कोणी म्हणेल, मग लोकक्षोभ काय टाकाऊ समजायचा? तो नसता तर देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात १९७२ मध्ये अत्याचार झालेली आदिवासी मुलगी कायद्याच्या एका निकालापुरतीच उरली असती. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या दिल्ली-पुण्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर मोर्चे निघाले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. मुद्दा बिनतोड आहे. पण त्या पत्राने काय केले ते पाहावे. त्यात शिक्षा वाढवण्याचा आग्रह नव्हता. पोलिस ठाण्यात रात्री अडकलेल्या मुलीची ‘संमती’ म्हणजे काय, हे तिच्या जागी उभे राहून त्यांनी न्यायालयाला दाखवले. क्षोभाने लक्ष वेधावे, इतकाच त्याचा अधिकार आहे. माप घ्यायचे काम त्याच्याकडे दिले की तो स्वतःच्याच उंचीने मोजतो.

२०१२ च्या डिसेंबरात रायसीना टेकडीवर थंडीत पाण्याचे फवारे झेलणाऱ्या तरुणांनी देशाचे लक्ष वेधले, आणि ते मोठेच काम होते. सरकारने नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा समितीकडे सुमारे ऐंशी हजार सूचना आल्या आणि समितीने महिनाभरात अहवाल दिला. गर्दी फाशी मागत होती. समितीने ती सुचवली नाही. उलट, नवऱ्याने केलेल्या बलात्काराला कायद्यात असलेली सूट काढा, असे तिने सुचवले. सरकारने २०१३ च्या दुरुस्तीत फाशी घातली आणि सूट ठेवली. त्या रात्रीच्या बसमधले आरोपी आर. के. पुरमच्या रविदास कॅम्प झोपडवस्तीशी संबंधित होते. कोणी बसचालक, कोणी फळविक्या. त्यांच्या जागी संसदेतल्या किंवा सोसायटीतल्या कोणाला स्वतःला पाहावे लागत नव्हते. नवऱ्याच्या जागी मात्र जवळजवळ सगळ्यांनाच पाहावे लागले असते. बाल्टिमोरच्या त्या यादीतही, जिथे एरवी इतके एकमत होते, जोडीदाराला मारहाण करणे खालच्या निम्म्यातच पडले होते.

११ मे २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न निकालाला आला. एकच खंडपीठ, तेच युक्तिवाद, तीच कागदपत्रे. न्या. राजीव शकधर यांनी सूट घटनाबाह्य ठरवली. न्या. सी. हरी शंकर यांनी ती टिकवली. परक्याने केलेल्या बलात्काराचा आघात आणि नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीचा आघात एकाच मापाचा मानता येत नाही, अशा आशयाची त्यांची भूमिका होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की बायकोची संमती मोडण्याचा अधिकार नवऱ्याला नाही, पण त्याला बलात्कार ठरवणे जास्तच कठोर आणि प्रमाणाबाहेरचे होईल. नव्या संहितेच्या ६३ व्या कलमात ती सूट आहे तशीच आहे.